कारखान्याच्या नेटवर्कवरचा हल्ला मशीन लर्निंगने कसा पकडायचा

कारखान्यातली यंत्रं आपसात बोलतात त्या मॉडबस टीसीपी या प्रोटोकॉलवरून पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरच्या) रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडे ठेवण्याच्या खणात, आकडा लिहायला ना पासवर्ड लागतो ना परवानगी. पोर्ट ५०२ पर्यंत जो पोचला तो लिहू शकतो, आणि पीएलसी मुकाट्याने ऐकतो. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या ल्विव्ह शहरात ऐन थंडीत सहाशेहून जास्त इमारतींचं हीटिंग जवळजवळ दोन दिवस बंद पडलं, ते हीटिंगच्या कंट्रोलरना पाठवलेल्या मॉडबस आज्ञांमुळे. त्या मालवेअरचं नाव फ्रॉस्टीगूप. अशा हल्ल्यात पॅकेट नियमाला धरूनच असतं. चुकीची असते ती वेळ, पाठवणारा किंवा आत लिहिलेला आकडा. त्यामुळे ओळखीच्या मालवेअरचे ठसे जुळवून बघणारी साधनं इथे तोकडी पडतात.

मशीन लर्निंगच्या मॉडेलच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. ऑफिसच्या नेटवर्कवर माणसं असतात आणि ती रोज काहीतरी नवीन करतात. कारखान्यात एकच एचएमआय (ऑपरेटरचा पडदा असलेलं मशीन) एकाच पीएलसीला दर सेकंदाला तेच दहा रजिस्टर विचारत राहतो, वर्षानुवर्षं. ‘नेहमीचं’ म्हणजे काय ते शिकायला याहून सोपा डेटा मिळणं कठीण. अडचण पुढे येते: जे नेहमीचं नाही ते सगळं हल्लाच असतं असं नाही. मेंटेनन्सवाल्याने लावलेला लॅपटॉपही नवाच असतो.

आधी इशाऱ्यांचं गणित

मॉडेल निवडण्याआधी एक आकडा ठरवा: दिवसाला किती इशारे माणूस नीट तपासू शकतो? एका इशाऱ्यामागे पॅकेट बघणं, कंट्रोल रूमला फोन करणं आणि लॉगबुक चाळणं आलं, म्हणजे अर्धा तास सहज जातो. बहुतेक ठिकाणी दिवसाला तीन इशारे ही खरी कुवत असते. समजा २० पीएलसी आहेत आणि दर मिनिटाला प्रत्येकाची एक विंडो, म्हणजे त्या मिनिटाच्या वाहतुकीचा तुकडा, तपासायची आहे. दिवसाच्या विंडो झाल्या २८,८००. मॉडेल १ टक्का वेळा चुकलं, जे कागदावर फार चांगलं दिसतं, तर रोज २८८ खोटे इशारे येतील. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी तो स्क्रीन बंद करेल. तीन इशाऱ्यांत बसायचं तर चुकीचं प्रमाण दहा हजारांत एक इतकं खाली आणावं लागतं. ‘९९ टक्के अचूक’ अशी जाहिरात दिसली की हे गणित आठवा. पुढचे सगळे निर्णय याच आकड्यावर ठरणार आहेत.

जे यादीने होतं ते मॉडेलला देऊ नका

पहिले दोन आठवडे नुसतं ऐका आणि यादी बनवा: कोणता पत्ता कोणत्या पत्त्याशी, कोणत्या पोर्टवर, कोणत्या फंक्शन कोडने (कोणती आज्ञा आहे ते सांगणाऱ्या आकड्याने) बोलतो. मॉडबसमध्ये १ ते ४ हे वाचण्याचे कोड, ५ आणि ६ एकेक कॉइल (चालू-बंदचा एक बिट) किंवा रजिस्टर लिहिण्याचे, १५ आणि १६ अनेक एकदम लिहिण्याचे. ८ हा डायग्नॉस्टिकचा आणि ४३ हा उपकरणाची ओळख विचारण्याचा. इतर प्रोटोकॉल असतील तर सीमेन्सच्या एस-सेव्हनसाठी पोर्ट १०२ बघा, डीएनपी३ साठी २००००, इथरनेट/आयपीसाठी ४४८१८, ओपीसी यूएसाठी ४८४०.

ही यादी प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरसोबत बसून ओळीओळीने तपासा. ‘हा पत्ता कोणाचा?’ या प्रश्नावर दोघंही गप्प झालात, तर पहिला शोध तिथेच लागला. मग साधे नियम लावा: यादीबाहेरची जोडी बोलली, ज्याने कधी लिहिलं नाही त्याने लिहिलं, पीएलसीला थांबण्याची किंवा नवीन प्रोग्राम घेण्याची आज्ञा गेली, की इशारा. सेफ्टी कंट्रोलरकडे (धोका दिसताच प्लांट थांबवणाऱ्या वेगळ्या कंट्रोलरकडे) जाणाऱ्या प्रत्येक लेखनाचा इशारा यायलाच हवा, त्यात मॉडेलचं मत विचारायचं नाही. २०१७ मध्ये ट्रायटन हे मालवेअर थेट सेफ्टी सिस्टिममध्ये शिरलं होतं. तिथे ‘शक्यता ०.८७’ असल्या उत्तराचा काही उपयोग नाही.

हे नियम लागल्यावर जे उरतं ते मॉडेलचं काम. ओळखीचाच एचएमआय, पण ताब्यात गेलेला. ओळखीचंच रजिस्टर, पण भलत्या वेळी लिहिलेलं. हळूहळू सरकवलेला सेन्सर. जुनी रेकॉर्डिंग परत वाजवणारा कोणीतरी.

डेटा कुठून आणि कसा घ्यायचा

पॅकेट दोन प्रकारे मिळतात: स्विचच्या मिरर पोर्टवरून (जिथे वाहतुकीची प्रत मिळते) किंवा तारेत बसवलेल्या पॅसिव्ह टॅपवरून. मिरर पोर्ट फुकट असतो, पण १०० एमबीपीएसच्या लिंकची दोन्ही बाजूंची वाहतूक १०० एमबीपीएसच्याच पोर्टवर ओतली तर गर्दीच्या वेळी पॅकेट गळतात. नेमकी हल्ल्याच्या वेळी गर्दी होते. महत्त्वाच्या एक-दोन पीएलसींच्या लिंकवर टॅप बसवा, बाकीच्यांना मिरर चालेल. टॅप लावायला तार काढावी लागते, म्हणून ते काम शटडाउनमध्येच उरका.

जागा निवडताना एक चूक फार वेळा होते: फक्त फायरवॉलजवळ ऐकायचं. तिथे बाहेरून येणारं दिसतं, पण एचएमआय आणि पीएलसी यांचं आपसातलं बोलणं सेल स्विचच्या (त्या विभागातल्या यंत्रांना जोडणाऱ्या स्विचच्या) आतच राहतं. ऐकायचं ते सेल स्विचवर. गेटवेच्या मागे आरएस-४८५ या सीरियल तारेवर लटकलेली उपकरणं या पद्धतीने स्वतंत्र दिसत नाहीत. गेटवेचा आयपी एकच असतो, म्हणून पॅकेटमधल्या युनिट आयडीने त्यांना वेगळं काढा.

ऐकणाऱ्या मशीनचं पॅकेट घेणारं नेटवर्क कार्ड विनापत्ता ठेवा आणि त्यावरून काहीही पाठवलं जाणार नाही याची खात्री करा. शोधाशोध करणारे स्कॅनर प्लांट चालू असताना वापरू नका. जुने पीएलसी अनपेक्षित पॅकेट आलं की अडकतात, आणि मग तपासणी करणाराच हल्लेखोर ठरतो.

साठवणुकीचा अंदाज असा. दहा रजिस्टर वाचण्याच्या विनंतीची फ्रेम ६६ बाइटची, उत्तराची ८३ बाइटची. सेकंदाला अशा १०० जोड्या धरल्या तर कॅप्चर फाइलच्या स्वतःच्या हेडरसकट दिवसाला दीड ते दोन जीबी होतात. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर वर्षभराहून जास्त डेटा बसतो. कच्ची पॅकेट निदान ९० दिवस ठेवा, कारण फीचरची (मॉडेलला देण्याच्या आकड्यांची) व्याख्या तुम्ही किमान दोनदा बदलणार आहात.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी तपासा. प्रत्येक विनंतीला उत्तर दिसतंय का? फक्त एकच बाजू दिसत असेल तर मिरर पोर्ट अर्धवट लावलाय. झीक या नेटवर्कची वाहतूक नोंदवणाऱ्या साधनाचा कॅप्चर लॉसचा (गळलेल्या पॅकेटचा) लॉग काय म्हणतो? आणि सगळ्यांची घड्याळं एका एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरला बांधली आहेत का? पीएलसीचं घड्याळ चार मिनिटं मागे असेल, तर पॅकेट आणि प्रक्रियेचे आकडे जोडताना कारण आधी की परिणाम आधी, हेच कळेनासं होतं.

हिस्टोरियनमधला (प्रक्रियेचे आकडे साठवणाऱ्या डेटाबेसमधला) डेटा आयता मिळतो म्हणून मोह होतो. पण बहुतेक हिस्टोरियन जागा वाचवण्यासाठी डेडबँड लावतात: आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बदलला नाही तर तो साठवतच नाहीत. त्यातून आलेला आलेख पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो, सेन्सरची नैसर्गिक थरथर पुसलेली असते. आणि खोटा सेन्सर ओळखायला हीच थरथर लागते. शक्य तिथे आकडे थेट पॅकेटमधून काढा.

एक पॅकेट उघडून

हे बारा बाइट बघा, सोळा आधाराच्या पद्धतीत लिहिलेले:

००२१ ०००० ०००६ ०१ ०६ ००६४ ०२५८

पहिले दोन बाइट व्यवहार क्रमांक. पुढचे दोन प्रोटोकॉल, मॉडबससाठी कायम शून्य. मग उरलेली लांबी, सहा बाइट. मग युनिट आयडी १, फंक्शन कोड ६, म्हणजे एक रजिस्टर लिहा. पत्ता ६४, म्हणजे आपल्या पद्धतीत १००. किंमत २५८, म्हणजे ६००. पीएलसी कबुली म्हणून हेच जसंच्या तसं परत पाठवतो. नकार द्यायचा असेल तर फंक्शन कोडचा सर्वांत वरचा बिट चढवतो, ०६ चं ८६ होतं आणि पुढे कारणाचा आकडा येतो: १ म्हणजे असं फंक्शन नाही, २ म्हणजे असा पत्ता नाही, ३ म्हणजे ही किंमत चालणार नाही.

यात तीन खड्डे आहेत. पॅकेटमधला पत्ता १०० हा मॅन्युअलमध्ये बहुधा ४०१०१ म्हणून छापलेला असतो, एका आकड्याच्या फरकाने. ६०० म्हणजे कदाचित ६०.० अंश, स्केल कुठेही पॅकेटमध्ये नसतो, तो टॅग लिस्टमधून (सेन्सर आणि सिग्नलच्या नावांच्या यादीतून) घ्यावा लागतो. आणि दशांश आकडे दोन रजिस्टरमध्ये विभागलेले असतात, त्यांचा क्रम उत्पादकागणिक उलटसुलट असतो. क्रम चुकला तर शांत तापमान वेड्यासारखं उड्या मारताना दिसतं, मॉडेल तो गोंधळ ‘नेहमीचा’ म्हणून शिकतं, आणि नंतर काहीही खपवून घेतं. म्हणून प्रत्येक टॅगचा आकडा एकदा तरी एचएमआयच्या स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून बघा. हे कंटाळवाणं काम टाळलेले प्रकल्प पुढे मॉडेलच्या नावाने खडे फोडत बसतात.

झीकचा मूळ मॉडबस लॉग फंक्शनचं नाव आणि अपवाद अशी वरवरची माहिती देतो. पत्ते आणि किमतीही हव्या असतील तर त्यावर आयसीएसएनपीपी संचातला मॉडबस पार्सर बसवा. एखाद-दुसऱ्या फाइलसाठी टीशार्क हे पॅकेट वाचणारं साधनही पुरतं.

फीचर: संवादाचे आणि प्रक्रियेचे

दोन्ही एकत्र कालवू नका. दोन वेगळी मॉडेल ठेवा, कारण दोघांच्या चुका वेगळ्या असतात.

संवादासाठी ६० सेकंदांची विंडो, प्रत्येक मास्टर-पीएलसी (विचारणारा-उत्तर देणारा) जोडीला एक ओळ. ओळीत काय घ्यायचं: विनंत्यांची संख्या, दोन विनंत्यांमधल्या अंतराची सरासरी आणि विचलन, विनंतीपासून उत्तरापर्यंतच्या वेळेचा मध्य आणि ९५ वा शतमक, लेखनाचं प्रमाण, वेगवेगळ्या पत्त्यांची संख्या, आधी कधीच न दिसलेल्या पत्त्यांची संख्या, अपवाद-उत्तरांची संख्या, नवीन टीसीपी जोडण्या आणि आरएसटी (जोडणी तोडणारी पॅकेट), शेवटच्या लेखनाला किती वेळ झाला, एआरपीमध्ये (आयपी पत्ता आणि मॅक पत्ता जोडणाऱ्या संदेशांत) मॅक पत्ता बदलला का. पंधरा ते पंचवीस फीचर पुष्कळ झाले.

यातलं उत्तराच्या वेळेचं फीचर दिसायला साधं, पण कामाचं. मधे कोणी बसून पॅकेट अडवून पुढे पाठवू लागला, तर उत्तर मिलिसेकंदाच्या काही अंशाने उशिरा येतं आणि त्याचं विचलन बदलतं. पीएलसीचा स्वतःचा स्कॅन टाइम स्थिर असतो, म्हणूनच हा फरक उठून दिसतो.

काय घ्यायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. व्यवहार क्रमांक, क्लायंटचा तात्पुरता पोर्ट, तारीख-वेळ आणि आकडा म्हणून आयपी पत्ता: हे चारही काढून टाका. प्रयोगशाळेतल्या डेटासेटमध्ये हल्ले एकाच मशीनवरून आणि एकाच दुपारी केलेले असतात. मॉडेल तो पत्ता किंवा ती दुपार पाठ करतं आणि ९९.९ टक्के गुण मिळवतं. तुमच्या प्लांटमध्ये तो पत्ता नाही. १६ बिटचे काउंटर ६५५३५ नंतर शून्यावर येतात, त्यामुळे त्यांची किंमत न घेता फरक घ्या आणि उलटी उडी सांभाळा.

प्रक्रियेच्या बाजूला सेन्सर, व्हॉल्व्हची स्थिती, पंप चालू-बंद, सेटपॉइंट (ऑपरेटरने ठरवून दिलेली किंमत), आणि प्लांट कोणत्या अवस्थेत आहे: स्टार्टअप, चालू उत्पादन, धुलाई, शटडाउन. ही अवस्था फीचर म्हणून दिली नाही, तर दर सोमवारी सकाळी स्टार्टअपच्या वेळी इशाऱ्यांचा पाऊस पडेल. डेटा पुरेसा असेल तर प्रत्येक अवस्थेला वेगळं मॉडेल द्या. नसेल तर स्टार्टअप आणि शटडाउनमध्ये प्रक्रियेचं मॉडेल गप्प ठेवा, संवादाचं चालू राहू द्या.

मॉडेल

संवादासाठी आयसोलेशन फॉरेस्टने (यादृच्छिक निर्णय-झाडांनी वेगळ्या पडणाऱ्या विंडो शोधणाऱ्या पद्धतीने) सुरुवात करा. पायथनच्या सायकिट-लर्नमध्ये तयार आहे, लेबल लागत नाहीत, साध्या औद्योगिक पीसीवर पळतं. झाडं मूळच्या १०० ऐवजी ३०० करा म्हणजे गुण स्थिर येतात. प्रत्येक झाडाला २५६ नमुने ही मूळ किंमत ठीक आहे. ‘कंटॅमिनेशन’ या पर्यायाला हात लावू नका. तिथे ०.०१ लिहिलं तर मॉडेल ट्रेनिंगमधल्या १ टक्का विंडोंना विसंगत ठरवेल, त्या स्वच्छ असल्या तरी. नुसता गुण घ्या, थ्रेशोल्ड (इशारा द्यायची सीमा) आपण वेगळा काढणार आहोत. दोनशे फीचर कोंबायचे नाहीत, त्याचं कारणही इथेच आहे: प्रत्येक फाट्यावर फीचर चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडला जातो, त्यामुळे कामाची दोन फीचर दोनशेच्या गर्दीत क्वचितच निवडली जातात.

प्रक्रियेसाठी लगेच न्यूरल नेटवर्ककडे धावू नका. जिथे भौतिकशास्त्र माहीत आहे तिथे ते आधी वापरा. दोन चौरस मीटर तळाची टाकी घ्या. आत येणारा प्रवाह तासाला ६ घनमीटर, बाहेर जाणारा ४. म्हणजे पातळी तासाला १ मीटर, मिनिटाला सुमारे १६.७ मिलिमीटर चढायला हवी. लेव्हल सेन्सर मिनिटाला ५ च दाखवतोय. फरक ११.७. एका मिनिटाच्या फरकावर इशारा दिला तर लाटांमुळेही वाजत राहील, म्हणून फरक साठवत जायचा. या पद्धतीला क्युसम म्हणतात:

नवी साठवण = शून्य किंवा (जुनी साठवण + फरक − सूट), यांतलं जे मोठं ते.

सूट कुठून आणायची? दोन्ही फ्लो मीटरची चूक १ टक्का धरली तर वाईटात वाईट ०.१ घनमीटर प्रतितास, पातळीत मिनिटाला ०.८३ मिलिमीटर. म्हणून सूट १ मिलिमीटर. थ्रेशोल्ड ४० ठेवला तर वरच्या उदाहरणात दर मिनिटाला १०.७ साचतात आणि चौथ्या मिनिटाला इशारा येतो. हल्लेखोर सावध असेल आणि मिनिटाला ३ मिलिमीटरच चोरत असेल, तर २० मिनिटं लागतात. त्याहून हळू, ०.८ ने, गेला तर क्युसमला तो कधीच दिसणार नाही. पण अर्धा मीटर फसवायला त्याला साडेदहा तास लागतील, आणि तेवढ्या वेळात शिफ्टच्या फेरीत कोणीतरी काचेच्या नळीवरची पातळी वाचतं. वाचत नसेल तर ती फेरी सुरू करा, मॉडेल वाढवून हे भोक बुजणार नाही. दुसऱ्या दिशेसाठी, म्हणजे सेन्सर जास्त दाखवत असेल त्यासाठी, फरकाचं चिन्ह उलटवून दुसरी साठवण ठेवा.

जिथे समीकरण मांडता येत नाही, उदाहरणार्थ बॉयलर किंवा कॉलमसारख्या गुंतलेल्या युनिटमध्ये, तिथे बाकीच्या सेन्सरवरून एका सेन्सरचा अंदाज करणारं रिग्रेशन मॉडेल लावा आणि त्याच्या फरकाला हाच क्युसम जोडा. ऑटोएन्कोडर (आलेले आकडे आकसून परत उभे करणारं न्यूरल नेटवर्क) त्यानंतर. त्याचा मधला थर अरुंद हवा: ५० सेन्सर असतील तर ५० वरून ३२, मग १०, आणि परत उलट. मधला थर रुंद ठेवला तर जाळं आलेलं तसंच्या तसं उतरवायला शिकतं आणि हल्लाही हुबेहूब उतरवतं, चूक शून्य. आणखी एक तोटा लक्षात ठेवा: एक सेन्सर बिघडला की चूक इतर सेन्सरवरही पसरते, त्यामुळे सर्वांत मोठी चूक दाखवणारा सेन्सर हाच गुन्हेगार असेल असं नाही. रिग्रेशनच्या फरकात हा घोळ कमी असतो.

रेकॉर्डिंग वाजवणाऱ्यासाठी वेगळी तपासणी लागते. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरने आधी टिपलेले सामान्य आकडे परत दाखवून इराणमधल्या नतांझच्या सेंट्रिफ्यूजमधली गडबड ऑपरेटरपासून झाकली होती. असे आकडे मॉडेलला अगदी नेहमीचे वाटतात, कारण ते नेहमीचेच असतात. पण खऱ्या अॅनालॉग सेन्सरच्या शेवटच्या अंकातली थरथर सलग ६० नमुने जशीच्या तशी पुन्हा येत नाही. म्हणून प्रत्येक अॅनालॉग टॅगच्या शेवटच्या ६० कच्च्या किमतींचा हॅश (छोटा ठसा) काढा आणि महिन्याभराच्या हॅशमध्ये शोधा. जुळला तर इशारा. ज्याची किंमत गोठलेलीच असते, असे टॅग यातून वगळा. तसंच थरथर अचानक शून्य झाली तर तोही इशारा. बहुतेक वेळा सेन्सरची तार सुटलेली निघेल, आणि तेही कळलेलं बरंच.

ट्रेनिंग आणि थ्रेशोल्ड

सहा आठवड्यांचा डेटा घ्या: पहिले चार शिकायला, पाचवा थ्रेशोल्डला, सहावा परीक्षेला. तारखेच्या क्रमानेच. विंडो पिसून यादृच्छिक वाटल्या तर शेजारशेजारच्या, जवळपास सारख्या विंडो दोन्हीकडे जातात आणि परीक्षेचा पेपर आधीच फुटतो. स्केलरही (सगळी फीचर एका मापात आणणारी पायरी) फक्त पहिल्या चार आठवड्यांवर बसवा.

हे चार आठवडे स्वच्छ आहेत कशावरून? खात्री देता येत नाही. म्हणून एकदा ट्रेन करून त्याच डेटातल्या सर्वांत विचित्र दोनशे विंडो काढा आणि लॉगबुकशी ताडा. मेंटेनन्स, वीज जाणं, फर्मवेअर अपडेट यांनी बहुतेक उलगडतील. न उलगडलेल्या बाजूला काढा, चौकशी करा, मग परत ट्रेन करा.

थ्रेशोल्डचा हिशेब सुरुवातीच्या आकड्यावरून. २० पीएलसींच्या पाचव्या आठवड्यात २,०१,६०० विंडो आहेत. रोज तीन, म्हणजे आठवड्याला २१ इशारे परवडतात. सर्वांत विसंगत विंडो वर येईल अशा क्रमाने गुण लावा. एकविसावा गुण हा थ्रेशोल्ड. त्यावर ‘पाचपैकी तीन विंडो ओलांडल्या तरच’ अशी अट घातली की एकट्यादुकट्या उसळ्या गळतात. किंमत एवढीच की इशारा किमान दोन मिनिटांनी उशिरा येतो. ज्या पीएलसीचं बोलणं मुळातच अनियमित आहे त्याला स्वतःचा थ्रेशोल्ड द्या, नाहीतर सगळा कोटा तोच खाईल.

सार्वजनिक डेटावर सराव करायचा असेल तर सिंगापूरच्या तंत्रज्ञान व डिझाइन विद्यापीठातल्या आयट्रस्ट केंद्राचा स्वॉट डेटासेट घ्या: जलशुद्धीकरणाचा छोटा प्लांट, ५१ सेन्सर आणि अॅक्च्युएटर, ११ दिवस, त्यातले ७ सामान्य आणि ४ हल्ल्यांचे. त्यावरचे निकाल वाचताना ‘पॉइंट अॅडजस्ट’ वापरलंय का ते बघा. त्या पद्धतीत हल्ल्याच्या लांब कालखंडातला एक बिंदू जरी पकडला तरी पूर्ण कालखंड पकडला असं मोजतात. हल्ले लांब असले की तिथे नाणं उडवणारं मॉडेलही हुशार ठरतं. तुम्ही तीनच गोष्टी मोजा: किती हल्ले पकडले, प्रत्येकाला किती उशीर लागला, आणि रोज खोटे इशारे किती.

बेंचवर हल्ला करून बघा

चालू प्लांटवर नाही. एक सुटा पीएलसी किंवा ओपनपीएलसी हे सॉफ्टवेअर चालवणारं छोटं कंप्युटर, एक स्विच आणि पायथनच्या पायमॉडबस लायब्ररीवरच्या स्क्रिप्ट इतकं पुरतं. निदान हे सहा प्रकार चालवा: सगळ्या रजिस्टर पत्त्यांचं स्कॅन, अनोळखी मशीनवरून लेखन, एचएमआयच्याच पत्त्यावरून सेटपॉइंट बदल, सेन्सर हळूहळू सरकवणं, रेकॉर्डिंग वाजवणं, विनंत्यांचा मारा. पहिले दोन यादीच्या नियमांनी पकडले जायला हवेत. ते मॉडेलने पकडले आणि नियमांनी नाही, तर नियम चुकलेत. तिसरा सर्वांत अवघड. सेटपॉइंट ६० वरून ६२ करणं हे ऑपरेटरही करतोच. तिथे मॉडेलपेक्षा एचएमआयचा ऑडिट लॉग उपयोगी: पॅकेटमध्ये लेखन आहे, पण लॉगमध्ये कोणाचंही नाव नाही, हा विसंवाद फार बोलका असतो.

चालू केल्यावर

पहिला महिना इशारे फक्त तुमच्या पडद्यावर, कंट्रोल रूममध्ये नाहीत. आणि पॅकेट आपोआप अडवण्याचा विचारही नको. चुकून अडवलेली एक आज्ञा व्हॉल्व्ह उघडाच ठेवू शकते. मॉडेलने सांगायचं, निर्णय माणसाने घ्यायचा.

इशाऱ्यात ‘विसंगती गुण −०.६१’ लिहून पाठवू नका. शिफ्ट इंजिनिअरला हे वाचायला मिळायला हवं: कोणत्या मशीनवरून, कोणत्या पीएलसीच्या कोणत्या टॅगवर, कधी, आधी किती होतं, आता किती झालं, आणि गेल्या तीस दिवसांत असं किती वेळा झालं. खाली एक ओळ: प्रत्यक्ष जागेवर जाऊन काय बघायचं. टॅगचं नाव एचएमआयवर आहे तेच वापरा.

मेंटेनन्सचा परवाना निघाला की त्या पीएलसीचे इशारे वेगळ्या रांगेत टाका, पण बंद करू नका. मेंटेनन्सची वेळ हल्लेखोरालाही सोयीची असते.

प्लांट बदलत जातो. फिल्टर तुंबतात, पंप झिजतात, ऋतू बदलला की थंड पाण्याचं तापमान बदलतं. मॉडेल जुनं होतं आणि इशारे वाढतात. यावर दर रात्री आपोआप ट्रेनिंग हा उपाय आकर्षक वाटतो, पण तीच पळवाट आहे: रोज थोडं थोडं सरकवत गेलं की मॉडेल हल्ल्यालाच नेहमीचं मानू लागतं. ट्रेनिंग महिन्याला एकदा किंवा नोंदवलेल्या बदलानंतर करा, माणसाने डेटा बघून. नवीन मॉडेल लावण्याआधी बेंचवरच्या सहाही हल्ल्यांची पॅकेट त्यावर परत चालवा. जुन्याने पकडलेला एखादा हल्ला नव्याने सोडला, तर नवं मॉडेल लावू नका. जुनी फाइल आणि पहिल्या चार आठवड्यांचा डेटा जपून ठेवा, तुलनेला तोच कामी येतो.

ओपीसी यूए सही आणि एन्क्रिप्शनसकट चालू केलं की पॅकेटमधले आकडे दिसेनासे होतात. म्हणून एन्क्रिप्शन टाळायचं नाही. संवादाचं मॉडेल लांबी आणि वेळेवर चालू राहील, प्रक्रियेचे आकडे सर्व्हरकडून फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या खात्याने घ्या.

शेवटी, ऐकणाऱ्या मशीनवरच पहारा ठेवा. कोणी स्विच बदलला आणि मिरर पोर्टची सेटिंग विसरला, की पॅकेट येणं थांबतं, इशारेही थांबतात आणि पडदा हिरवागार दिसतो. प्रत्येक पीएलसीकडून मिनिटाला किमान किती पॅकेट यायला हवीत तो आकडा लिहून ठेवा आणि त्याच्या निम्म्याखाली आलं की वेगळ्या रंगाचा इशारा द्या. हा नियम मॉडेलच्या बाहेर, दुसऱ्या मशीनवर चालवा.